‘तेच चालू’

बीपीच्या उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं मला पाठ होती. १४०/९० किंवा त्याहून जास्त बीपी कायम राहिलं तर औषध सुरू करा, बहुतेकांचं त्याखाली आणा आणि तिथं येईपर्यंत दर महिन्याला बोलवा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय. तरी एका संध्याकाळी माझ्याच रुग्णांचे जुने कागद काढले आणि काळजात धस्स झालं. एका काकूंचं बीपी सलग पाच भेटींत १५० किंवा त्याच्या वर, आणि खाली दरवेळी माझ्याच अक्षरात ‘तेच चालू’.

दरवेळी काहीतरी कारण होतं. काकू धावतपळत आल्या होत्या, रात्री झोप झाली नव्हती, गोळी चुकली होती. कारणं खोटी नव्हती, पण तेवढ्यात वर्ष गेलं. आणखी एक गोष्ट खटकली. जवळजवळ सगळे आकडे शून्यावर संपणारे: १४०, १५०, १६०. म्हणजे आम्ही अंदाजे लिहीत होतो. ज्या आकड्यावर आपलाच भरवसा नाही, त्याच्या जोरावर औषध वाढवायला हात धजत नाही.

म्हणून सुरुवात मोजण्यापासून केली. पाठ टेकायला खुर्ची, पाच मिनिटं शांत बसणं, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. पट्टा दंडाच्या मापाचा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच जास्त दिसतं. मोजताना मी रुग्णाशी बोलायचो, सिस्टरांनी मलाच थांबवलं, “सर, मोजतेय, थोडं थांबा.” दुसरं रीडिंग मिनिटभरानं त्याच घेतात.

मग टेबलावर एक कागद लावला: दुसरं रीडिंगही जास्त आलं तर पुढची पायरी कोणती. बहुतेक वेळा एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसरं औषध कमी डोसात जोडल्यानं बीपी जास्त उतरतं, हे मला माहीत होतं; समोर लिहिलेलं असलं की ते वेळेवर आठवतं. औषध बदलायचं नसेल तर कारण लिहायचंच. खरा फरक या एका ओळीनं पडला. ‘घाईत आल्या’ हे तिसऱ्यांदा लिहिताना पेन अडलं.

काकूंना दुसरी गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी १३४/८२.

आता दर महिन्याला, बीपी आटोक्यात न आलेल्यांची यादी काढतो. त्यातले काहीजण फिरकलेलेच नसतात. त्यांना सिस्टर फोन करतात.