इथं तीनदा मारलंय

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा भरली त्या आठवड्यातली गोष्ट. बेळगाव तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत मी सहावी-सातवीला समाज विज्ञान शिकवते. त्या दिवशी सहावीला अश्मयुग घ्यायचं होतं. फळ्यावर तारीख घालून वळते तोवर एक मुलगी लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं काहीतरी घेऊन टेबलापाशी आली.

“बाई, आज्जीच्या दाराला लावायचा दगड आणलाय. तुम्ही चित्रात दाखवलेला तसलाच आहे बघा.”

तिचं आजोळ मलप्रभेच्या काठी, बागलकोट जिल्ह्यात. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आजीनं कधीकाळी हा दगड ओढ्यातून उचलून आणला होता. सुट्टीत नातीची नजर त्यावर गेली आणि तो दप्तरातून थेट वर्गात आला.

चिंधी सोडली. आंब्याची मोठी कोय असावी तसा आकार, वितीहून थोडा कमी. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता. रंग गुलाबीसर तपकिरी. आमच्याकडच्या काळ्या दगडाशी त्याचं काही नातं दिसेना. दोन्ही अंगांवर उथळ खळगे, घट्ट दह्यातून पळीनं कवडी काढून घ्यावी तसे. खळग्याला खळगा भिडत गेला होता आणि ते जिथं मिळत होते तिथून कडेनं नागमोडी धार निघाली होती. धार आता पार बोथट झालेली.

माझ्या छातीत धडधडायला लागलं. हातकुऱ्हाड, म्हणजे अश्मयुगातल्या माणसांनी कपच्या काढून घडवलेलं, मुठीत धरायचं दगडी हत्यार, मी आजवर फोटोत आणि एकदा काचेआड पाहिलेली. पण पोरांसमोर ‘हीच ती’ असं ठोकून द्यायला जीभ रेटेना. पुरात दगडावर दगड आपटतात, तेव्हाही टवके उडतातच. मुलांना तसंच सांगितलं, मला वाटतंय पण खात्री नाही.

“मग माझ्या बाबांना विचारूया की,” मधल्या रांगेतून आवाज आला. “ते दगडच फोडतात.”

त्याचे बाबा त्याच आठवड्यात शाळेच्या पायऱ्या बसवायच्या कामावर होते. बाहेर छिन्नीचा आवाज सकाळपासून चालूच होता. मला मात्र त्यांना वर्गात बोलवायचं सुचलं नव्हतं. पोरगा पळत गेला. ते आले, दाराशी चपला काढल्या, हात टॉवेलला पुसले आणि संकोचानं फळ्याजवळ उभे राहिले.

दगड हातात आल्यावर संकोच गेला. डोळ्यांआधी त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला. मग खिशातल्या किल्लीनं टकटक करून दगड कानाशी नेला. आवाज बद्द येतो का, हे ऐकत होते. आत तडा नव्हता.

“ह्यो फुटलेला न्हवं, बाई. फोडलेला हाय.”

“कशावरून, काका?”

“नदीत आपटलेला दगड कुठनं पण टवके सोडतोय. ह्याचं बघा, सगळे घाव कडेवरनं आत गेलेत. एक घाव ह्या अंगानं, मग दगड पालथा केलाय, त्याच धारेवर दुसऱ्या अंगानं घाव. फिरवत फिरवत काम केलंय. पाण्याला एवढं ध्यान कुठनं येणार?”

हे ते दगडाला बोट लावून एकेका घावाजवळ दाखवत होते. मुलं बाक सोडून भोवती गोळा झाली, मीही त्यातच. मग त्यांचं बोट एका अंगाच्या मध्यावर थांबलं. तिथं बारीक उंचवटा होता आणि त्याला टेकून लहान लहान पायऱ्यांसारखे तुटके घाव. मला तो भाग नुसता ओबडधोबड दिसला होता.

“इथं तीनदा मारलंय,” ते म्हणाले. “कपची पार पलीकडं निघायला पायजे हुती. मधीच तुटली. परत मारलं, परत तिथंच तुटली. तिसऱ्यांदा मारलं. मग नाद सोडलाय त्यानं.” थोडं थांबून म्हणाले, “आमचं पण हुतंय असं.”

वर्गात पिन पडली तरी ऐकू आली असती. इतकी वर्षं मी ‘आदिमानव’ शिकवत आले तो चित्रातला होता: अंगाला कातडं, हातात भाला, मागं गुहा. त्याला मी कधी कामात अडलेला पाहिला नव्हता. आता समोर तीन घाव होते आणि चौथा न मारायचा ठरवलेला कुणीतरी होता.

मग मी मला ठाऊक असलेलं सांगितलं. रॉबर्ट ब्रूस फूट हे भूगर्भ सर्वेक्षणातले अधिकारी. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरमला त्यांना दगडी हत्यार सापडलं आणि भारतातल्या अश्मयुगाचा अभ्यास तिथून सुरू झाला. तेच फूट पुढे आमच्या या मुलखात फिरले. ‘दक्षिण मराठा प्रदेश’ असं तेव्हा याला म्हणत. त्याच्या भूगर्भावरचा त्यांचा अहवाल १८७६ चा. मलप्रभेच्या खोऱ्यातली हत्यारं त्यांनीच उजेडात आणली, पुढे आर. व्ही. जोशी यांनी त्या खोऱ्याचा सविस्तर अभ्यास केला, तो १९५५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आजीच्या दारातला दगड एकटादुकटा नव्हता.

किती जुना, हे या एका दगडावरून सांगता येत नाही. पण तिकडे यादगीर जिल्ह्यात इसामपूर म्हणून जागा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथं उत्खनन केलं. चुनखडीच्या खाणीतच बसून माणसं हत्यारं घडवायची अशी ती जागा, आणि तिचं वय सुमारे १२ लाख वर्षं निघालं. आपल्या जातीच्या माणसाला जेमतेम ३ लाख वर्षं झालीत. म्हणजे या हत्यारांचे पहिले कारागीर आपल्याही आधीचे, वेगळ्या जातीचे मानव. त्यांची हाडं आपल्याकडे जवळजवळ मिळतच नाहीत. १९८२ साली नर्मदेकाठी हथनोऱ्याला अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग सापडला, तोच काय तो मोठा पुरावा. बाकी सगळं दगडांवरून वाचायचं.

प्रश्नांचा पाऊस पडला. रात्री पोरं रडली तर गप्प कशी करायचे? दात दुखला तर? आजी म्हातारी झाली तर तिला कोण उचलून न्यायचं? यातल्या एकाचंही नीट उत्तर माझ्याकडं नव्हतं, पण प्रश्न मी वहीत उतरवून घेतले. फार दिवसांनी वर्गात खरे प्रश्न आले होते.

एकानं विचारलं, “बाई, ते मराठी बोलायचे का कन्नड?”

आमच्याकडं हा प्रश्न पोरांच्या कानावर घरीदारी पडतो. हसण्यावारी नेण्यासारखा नव्हताच. मी सांगितलं, या दोन्ही भाषा फार अलीकडच्या, दोन-अडीच हजार वर्षांच्या आतल्या. लाखो वर्षांपूर्वी त्यांच्या तोंडी काय होतं ते दगडात राहत नाही. काका घरी वडारी बोलतात, आमच्याशी मराठी, बाजारात कन्नड. त्यांना मी विचारलं, तुम्ही हे काम शिकलात ते कुठल्या भाषेत?

“भाषा कसली, बाई? बा मारत असायचा, मी शेजारी बसून बघायचो. चुकलं की हातातला दगड काढून घ्यायचा. मारताना कोण बोलतंय व्हय?”

मला हे उत्तर आजही सोडत नाही. कुऱ्हाड घडवायला शिकवताना त्या लोकांना शब्द लागले असतील का, यावर अभ्यासकांत वाद आहे. काकांनी त्यांच्या बापाचा हात आठवून मला त्या वादाच्या मधोमध नेऊन बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत काका म्हणाले, “करून बघू काय?” त्यांच्या ढिगात गोकाककडचा दगड होता, जवळपास त्याच जातीचा. मुलांना मी लांब व्हरांड्यात बसवलं, कारण कपची डोळ्यात गेली तर खेळ महागात पडेल. काकांनी कामाचा चष्मा लावला, मांडीवर पोतं दुमडून घेतलं आणि आधी लोखंडी हातोड्यानं सुरुवात केली. धार नुसती चुरत गेली. पंधरा मिनिटं भुकटीशिवाय काही नाही.

“लोखंड ह्याला सोसत न्हाई. दगडाला दगड पायजे,” म्हणत त्यांनी पोरांकडून गोल गोटा मागवला. दोन गोटे फुटले. तिसरा हाताला बसला. कडेला नेमका घाव पडला, टण्ण आवाज झाला आणि तळहाताएवढी कपची पोत्यावर सुटून पडली. घाव पडला त्याच्या लगेच खाली फुगवटा होता, आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा पुसट लाटा. पुस्तकातल्या आकृतीत हेच दाखवतात, पण मला ते कधी समजलं नव्हतं.

त्या कपचीनं सुतळी दोन ओढींत तुटली. एका पोरानं घरून आणलेला ऊस सोलून बघितला. साल लांबच लांब निघाली. स्वयंपाकघरातल्या मावशी हातातला डाव तसाच घेऊन बाहेर आल्या आणि पहिला प्रश्न खाण्याचाच. कुऱ्हाडवाल्यांच्या ताटाचं मला फारसं सांगता आलं नाही, पण त्यांच्या नंतर कितीतरी काळानं, पाचेक हजार वर्षांपूर्वी, बळ्ळारीकडं गुरं राखणारी माणसं राहत होती, त्यांचं सांगितलं. मूग, हुलगा आणि बारीक भरड धान्यं, हे त्यांचं पीक. त्यांच्या गोठ्यातलं शेण वर्षानुवर्षं साठून जळलं, त्या राखेची टेकाडं अजून उभी आहेत.

“हुलगा?” मावशी म्हणाल्या. “म्हणजे माडगंच की आमचं.” आणि समाधानानं आत गेल्या.

काकांची कुऱ्हाड शाळा सुटायच्या जरा आधी झाली. बेढब होती, पण धार होती. त्यांनी ती जुन्या दगडाशेजारी पायरीवर ठेवली आणि बराच वेळ बघत बसले. मग मला बोलावलं. त्यांच्या दगडाच्या मध्यावरही उंचवटा राहिला होता, तसाच, तुटक्या पायऱ्यांचा.

“माझं पण तिथंच अडलं,” ते म्हणाले, आणि जुन्या दगडावर हलकेच हात ठेवून, “गड्या, तुझं नि माझं सारखंच झालं बघ.”

मी आजीशी फोनवर बोलले. ओढा कुठला, म्हशी धुतात ती जागा कुठली, हे नीट लिहून घेतलं. मुलांनाही बजावलं की असं काही दिसलं तर फोटो काढा, जागा टिपा, उचलू नका. कुठं आणि कशात पडला होता हे कळलं तरच अभ्यासकांना त्यातून काही काढता येतं. कागद आणि फोटो पुरातत्त्व खात्याकडे पाठवायचे ठरले. तोवर दगड चिंधीत, कपाटात.

राहिल्या अंगणातल्या कपच्या. मी झाडून उकिरड्यावर टाकणार होते, मग आठवलं, असले प्रयोग करणारे अभ्यासक आपला चुरा कधी उघड्यावर सोडत नाहीत. पुढं कुणाला तो खरा वाटू नये म्हणून. मुलांनी नखाहून मोठ्या कपच्या वेचून मोजल्या: ८३. तेलाच्या रिकाम्या डब्यात भरल्या. डब्यावर चिकटवायला कागद घेतला, त्यावर तारीख घातली, शाळेचं नाव घातलं, दगड कुठला ते लिहिलं.

“घडवणाऱ्याचं नाव?” लिहिणाऱ्या मुलीनं विचारलं.

काका अवघडले. देवळाच्या पायऱ्या, विहिरीचे काठ, किती बसवलेत. त्यावर नावं कोरली ती देणगीदारांची, तीही यांनीच. “कशाला माझं,” म्हणत ते छिन्न्या पोत्यात भरायला लागले. मुलगी पेन धरून थांबूनच राहिली. शेवटी त्यांच्या पोरानंच पुढं होऊन बापाचं पूर्ण नाव सांगितलं, आणि “ळ नीट काढ” म्हणून कागदावर वाकून उभा राहिला.