गोणपाटाखालचा चुना

आज दिवसभर ऑक्सफर्डशायरमधल्या आमच्या गावात, चर्चबाहेरच्या युद्धस्मारकाच्या पायरीवर बसून होते. मागे कुणीतरी सांधे सिमेंटने बुजवलेले. सिमेंट स्मारकाच्या या चुनखडीच्या दगडापेक्षा कडक. मुरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडत नाही, थंडीत गोठतं आणि दगडाचेच पापुद्रे सुटतात. बारीक छिन्नीने ते काढलं, चुना भरला, वर ओलं गोणपाट टाकलं. चुना घाईने वाळला की तडकतोच.

एका नावापुढे ‘मेसोपोटेमिया, १९१६’. अक्षरं इतकी झिजलीत की डोळ्यांआधी बोटाला कळतात. मेसोपोटेमिया म्हणजे आजचा इराक; पहिल्या महायुद्धात तिथल्या कुत शहराला तुर्की सैन्याने घातलेल्या वेढ्यात इथल्या पलटणीच्याच ब्रिगेडमध्ये १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती! मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत, असं तेव्हा ठरलेलं. घरच्यांना हात ठेवायला हाच दगड. फार भरून आलं.

सकाळी गोणपाट पुन्हा भिजवायला जायचंय.