सोळा रंगांत हरवलेली रेघ

सर दुकानात आले ते बिस्किटांचा पत्र्याचा डबा छातीशी धरून. काउंटरवर उघडला तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात सीड्या. "ह्यात आमचा अख्खा वंश आहे गो, जरा जपून," म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा. रविवारी त्यांच्या कुलमंडळाचं संमेलन आणि वंशवेलीची पानं त्यांना शनिवारी संध्याकाळपर्यंत कागदावर हवी होती.

सर म्हणजे निवृत्त गणित शिक्षक. अर्ध्या चिपळूणला त्यांनी त्रैराशिक शिकवलंय, मलाही. त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यांचा कुलवृत्तांत २००० साली छापलेला. जुळणी गावातल्याच एका छापखान्यात, विंडोज ९८ वर, पुस्तकाची पानं जुळवायच्या पेजमेकर ६.५ मध्ये. छापखाना चालवणारे गृहस्थ आता नाहीत. त्यांचा संगणक २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. त्या दिवशी माझ्या दुकानातही छातीएवढं पाणी होतं, तेव्हा त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही. सीड्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. विंडोज ९८ ची परवान्यासह मूळ सीडी, पेजमेकरची, फॉन्टची आणि चार सीड्या कुलवृत्तांताच्या.

"छापील पुस्तक आहे ना? स्कॅन करू," मी म्हटलं.

सरांनी पिशवीतून पुस्तक काढलं. वंशवेलींच्या ३८ पानांवर लाल पेनाने गोल केलेले. "हे अकरा जण बघ. लटकतायत. वरून रेघच येत नाही. खाली मुलं-नातवंडं आहेत, पण बाप कोण ते नाही. गेली वीस-बावीस वर्षं लोक मला विचारतात. मूळ फाइलमध्ये काय आहे ते मला बघायचंय."

फाइल उघडायची तर अडचण फॉन्टची. युनिकोडच्या आधीचे आपले मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेले मराठी तुकडे. कुठे काना, कुठे रफार, कुठे अर्धा श. फॉन्ट नसेल तर ‘सदाशिव’च्या जागी एबीसीडीचा कचरा दिसतो. माझ्या ६४ बिटी विंडोज १० वर पेजमेकरचा जुना इन्स्टॉलर हललाही नाही. म्हणून ठरवलं की संगणकातच एक खोटा संगणक उभा करायचा, त्यात विंडोज ९८ टाकायचं आणि ते पान छापखान्यात दिसत होतं तसंच बघायचं.

पहिला प्रयत्न व्हर्च्युअलबॉक्समध्ये. इन्स्टॉल सुखरूप झालं, पण डेस्कटॉप आला तो ६४० बाय ४८० आणि सोळा रंगांत. ढगांचं ते आकाश कुणीतरी क्रेयॉनने गिरवल्यासारखं दिसत होतं. इथे एरवी ‘गेस्ट ॲडिशन्स’ नावाची सीडी आत सरकवायची की स्क्रीन सुधारतो. पण ती विंडोज ९५-९८ साठी मुळात बनवलेलीच नाही. दुकानातल्या पोराने तोवर मोबाइलवर शोधून व्हिडिओ मेमरी १२८ एमबी केली होती. दर दुसऱ्या व्हिडिओत हाच उपाय सांगतात.

"किती फरक पडला?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मग आधी गणित का नाही केलंत?"

खरं होतं. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके. सोळा रंगांना ठिपक्यामागे चार बिट लागतात, म्हणजे सगळा पडदा १५० केबीत मावतो. १०२४ बाय ७६८ ला ६५,५३६ रंग दिले तरी दीड एमबी. सुरुवातीची १६ एमबीसुद्धा उरली असती. अडलं होतं ते जागेवाचून नव्हे. विंडोजला समोरचं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, ओळखीचं वाटत नव्हतं. अनोळखी कार्ड दिसलं की विंडोज ९८ आयबीएमने १९८७ साली आणलेल्या व्हीजीएवर परत जातं, कारण तेवढं प्रत्येक कार्डाला येतं. ६४० बाय ४८०, सोळा रंग.

मला आठवलं की २००९ साली एका पतसंस्थेसाठी मी हेच केलं होतं. तेव्हाची वही पुरात भिजून फुगली आहे, पण अक्षर लागतं. पान सापडलं: ‘क्यूएमू. रॅम २५६. रंग आपोआप आले.’ बस, एवढंच. शेवटचं वाक्य मी तेव्हा किती खुशीत लिहिलं असेल!

क्यूएमू म्हणजे फाब्रिस बेलार्डने २००३ मध्ये सुरू केलेला, दुसऱ्या संगणकाचं सोंग घेणारा प्रोग्राम. माझ्या उबुंटूवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सवर, तो होताच. वहीतल्याप्रमाणे रॅम २५६ एमबी ठेवली. ५१२ च्या वर गेलं की ९८ गोंधळतं, आणि सढळ हाताने चार जीबी दिले तर सुरू होतानाच ‘मेमरी अपुरी आहे’ म्हणून रडतं. केव्हीएम, म्हणजे खऱ्या प्रोसेसरवर थेट चालवून वेग देणारी सोय, बंद ठेवली, कारण आजच्या प्रोसेसरवर थेट चालताना ९८ अडखळू शकतं. पुन्हा स्कॅनडिस्क, पुन्हा निळा पडदा, पुन्हा ‘अंदाजे वेळ ३० ते ६० मिनिटं’. सर घरी जेवून आले.

दोन वाजता डेस्कटॉप आला. ६४० बाय ४८०, सोळा रंग.

प्रोग्राम तोच, विंडोज तेच, वहीतल्या सूचनाही त्याच, आणि तेव्हा आपोआप आलेले रंग आता येत नव्हते. अशा वेळी डोकं भलतीकडे धावतं. सीडी खराब आहे का, माझा मॉनिटर नडतोय का, असलं काहीबाही. तासभर मी त्यातच घालवला. एक अनोळखी ड्रायव्हरही (विंडोजला कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्राम) टाकून पाहिला आणि त्याने डेस्कटॉप पार काळा केला. सेफ मोडमध्ये जाऊन तो काढावा लागला.

शेवटी क्यूएमूची माहितीपुस्तिका उघडली. ती आधीच उघडायला हवी होती, पण पोरासमोर कोण कबूल करणार? ग्राफिक्सच्या कार्डांची यादी होती. त्यात ‘सिरस’च्या पुढे लिहिलेलं की ही सिरस लॉजिकची जीडी ५४४६, विंडोज ९५ पासून पुढच्या सगळ्या विंडोजनी ओळखावी अशी. आणि कंसात: आवृत्ती २.२ च्या आधी हेच कार्ड न सांगता मिळायचं. २.२ आली डिसेंबर २०१४ मध्ये. तेव्हापासून काही सांगितलं नाही तर ‘स्टँडर्ड’ नावाचं दुसरं कार्ड मिळतं. नव्या विंडोजसाठी, लिनक्ससाठी ते चांगलंच आहे. सिरस नव्वदच्या दशकातली, मेमरी चार एमबी, आज तिला कुणी आपणहून घेऊ नये हे बरोबरच. पण ९८ च्या सीडीवर ओळखपत्र आहे ते सिरसचं.

म्हणजे २००९ मध्ये रंग ‘आपोआप’ आले नव्हतेच. सिरस मागून उभी होती आणि ती आहे हे मला माहीतच नव्हतं, म्हणून वहीत तिचं नाव नाही.

कमांडच्या शेवटी उणे चिन्ह, व्हीजीए, एक जागा आणि सिरस एवढं लिहिलं. चालू केलं. पोरगा, सर आणि मी, तिघं स्क्रीनपुढे वाकलेलो.

सोळा रंग.

"गो, तुझं उत्तर बरोबर असेल," सर म्हणाले, "पण उदाहरणात अजून एक चूक आहे."

डिव्हाइस मॅनेजर उघडला. सकाळपासून मी तो तीनदा उघडला होता आणि डिस्प्लेच्या ओळीवर ‘स्टँडर्ड’ शब्द दिसला की बंद केला होता. या वेळी ओळ पूर्ण वाचली: ‘स्टँडर्ड डिस्प्ले अडॅप्टर (व्हीजीए)’. ९८ मध्ये याचा एक जुळा भाऊ आहे, ‘स्टँडर्ड पीसीआय ग्राफिक्स अडॅप्टर (व्हीजीए)’. माझ्या ओळीत ‘पीसीआय’ नव्हतं! पीसीआय म्हणजे संगणकात कार्डं जोडायचा मार्ग. विंडोजला पीसीआय कार्ड आहे हेच कळत नव्हतं. मग सिस्टिम डिव्हाइसेसच्या यादीत खाली गेले. पीसीआय बस गायब, आणि ‘प्लग अँड प्ले बायोस’वर पिवळं उद्गारचिन्ह.

म्हणजे असं, की घराला रस्ताच नाही आणि आपण पोस्टमनला शिव्या देतोय. सिरस पीसीआयच्या रस्त्यावर राहते. विंडोजने तो रस्ता ओळखला नव्हता, तर दारापर्यंत जाणार कसं? त्या उद्गारचिन्हावर जाऊन ड्रायव्हर बदला म्हटलं, सगळ्या उपकरणांची यादी मागितली आणि त्यातून ‘पीसीआय बस’ हाताने निवडली. विंडोजने बजावलं की हे या उपकरणासाठी नसावं. मी हो म्हटलं. २००९ मध्ये हे करावं लागलं नव्हतं, किंवा केलं असेल तर वहीत नाही.

मग जे सुरू झालं ते बघायला मजा आली. ‘नवीन हार्डवेअर सापडलं’ ही खिडकी एकामागून एक. रिस्टार्ट. पुन्हा सापडलं. पुन्हा रिस्टार्ट. दर वेळी विंडोज ९८ ची सीडी मागायचं, म्हणून सीडीवरचा ‘विन९८’ फोल्डर आधीच सी ड्राइव्हवर उतरवून ठेवला आणि दर वेळी तोच पत्ता दिला. चौथ्या खेपेला यादीत ओळ आली: ‘सिरस लॉजिक ५४४६ पीसीआय’. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये घसरपट्टी उजवीकडे सरकायला लागली. १०२४ बाय ७६८, हाय कलर, १६ बिट. रिस्टार्ट.

ढग आले. खरे ढग, कडा विरघळलेले.

पुढचं भराभर झालं. पेजमेकर बसवला, फॉन्ट टाकले, सरांच्या सीड्यांची आयएसओ, म्हणजे सीडीची जशीच्या तशी नक्कल असलेली फाइल, करून आत लावली. फक्त एकदा माऊस आत अडकला आणि सर घाबरले. कंट्रोल, ऑल्ट आणि जी दाबल्यावर सुटला.

पहिलं पान उघडलं. ६४० मध्ये पेजमेकरच्या पट्ट्याच निम्मा पडदा खायच्या. आता वंशवेलीचा अख्खा वृक्ष समोर होता. नावं काळी, रेघा काळ्या. आणि काही रेघा फिक्या नारिंगी, केसासारख्या बारीक.

सर बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी छापील पुस्तक स्क्रीनशेजारी धरलं. लाल गोलातला पहिला माणूस. पुस्तकात तो लटकत होता. स्क्रीनवर त्याच्या डोक्यावरून एक नारिंगी रेघ निघून तीन फांद्या ओलांडत दुसऱ्याच घराण्यात गेली होती. रेघेच्या टोकाला सहा पॉइंटात एक अक्षर: ‘द.’

"दत्तक," सर म्हणाले. "अगो, हे सगळे दत्तक गेलेले!"

जुळणी करणाऱ्या गृहस्थांनी दत्तकाची रेघ वेगळ्या रंगात ठेवली होती. पुस्तक छापलं एका शाईत. एका शाईत फिका रंग आला की छपाईत त्याचे बारीक ठिपके होतात, आणि केसाएवढ्या रेघेत ठिपक्यांना उभं राहायला जागाच नसते. रेघ कागदावर उतरलीच नाही. सहा पॉइंटातला तो ‘द.’ही त्याच रंगात, तोही गेला. मी मुद्दाम पडदा परत सोळा रंगांवर नेऊन पाहिलं. सोळात नारिंगी नाही, मग विंडोज त्या सोळांतल्याच रंगांवर भागवतं, आणि पूर्ण पान बघताना त्यातलंही काही उरत नव्हतं. रेघ गायब, अकरा जण पुन्हा पोरके. दुपारी दोनला मी त्याच पडद्यावर ‘चालेल’ म्हणून पानं काढून दिली असती तर सर पुन्हा तसेच घरी गेले असते. तेव्हा माझ्या मनात ते आलंही होतं.

छापायला ९८ मध्ये माझ्या प्रिंटरचा ड्रायव्हर नाही. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचा प्रिंटर बसवून पानं फाइलमध्येच छापली, ती बाहेर आणून घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रामने पीडीएफ केली. त्याआधी ३८ पानांतल्या नारिंगी रेघा जाड केल्या, अर्धा पॉइंट, आणि तुटक. यातच रात्रीचे साडेनऊ झाले. पोरगा कधीच गेला होता.

सरांनी पैसे विचारले. मी आकडा सांगितला, त्यांनी वर शंभर ठेवले आणि म्हणाले, "ह्याची नवी वही घे. आणि ह्या वेळी कार्डाचं नाव लिही."

मग त्यांनी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि इंदूरचा कुठलासा नंबर लावला. शटर अर्धं खाली ओढून मी थांबले. पलीकडे कुणीतरी झोपेतून उठलं असावं.

"मी चिपळुणातून बोलतोय," सर मोठ्याने सांगत होते. "तुमच्या पणजोबांबद्दल फोन केलाय. पान १४, उजवीकडे, वरून तिसरे. ते तुमचे नव्हेत हो, म्हणजे तुमचेच, पण आधी आमचे!"