आमची वाटचाल : नव्या डोमेनची पत

जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना आहे. या धंद्यात सगळं अडतं ते दाण्यापाशी. पॉलिप्रोपिलीनचा दाणा, म्हणजे चटईचा कच्चा माल, भावात कच्च्या तेलामागे वरखाली होतो, म्हणून रेट लिस्ट सारखी बदलावी लागते आणि ती व्यापाऱ्याला वेळेत मिळावी लागते. वडिलांच्या काळी हे फोनवर भागायचं. निर्यातीच्या चौकशा येऊ लागल्या तेव्हा फुकटच्या जीमेल पत्त्यावरून गेलेल्या कोटेशनला कुणी धड विचारेना. मग कंपनीच्या नावाचं डोमेन घेतलं, म्हणजे ईमेलमध्ये @ च्या पुढे आमचंच नाव.

नव्या पार्टीला दाणावाला पहिल्याच खेपेला ट्रकभर माल उधार देत नाही. जीमेल, याहूचंही तसंच. इतिहास नसलेल्या डोमेनवरून एकदम ढीगभर मेल निघाले की ते थेट स्पॅममध्ये.

आधी कागदपत्रं केली, म्हणजे डोमेनच्या नावावर तीन नोंदी टाकल्या. आमच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारा एसपीएफ, मेलवर सही करणारा डीकेआयएम, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारा डीमार्क. जीमेलवर दिवसाला 5,000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी 2024 पासून हे तिन्ही सक्तीचे केले. आम्ही त्या आकड्याच्या जवळपासही नाही, पण परीक्षा तीच समजून चाललो. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत, 0.1 च्या आत राहिल्या तर उत्तम, हेही त्याच नियमांत आहे.

डीमार्क सुरुवातीला 'नन' (none) वर ठेवला, म्हणजे अडवायचं काही नाही, फक्त अहवाल मागवायचे. त्याचा फायदा लगेच कळला. अहवालात एक अनोळखी आयपी, म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरचा क्रमांक, रोज दिसे, एसपीएफ फेल, डीकेआयएम फेल. कुणी आमच्या नावाने फसवतंय की काय, असं वाटलं. शोधलं तर तो आमच्याच बिलिंग सॉफ्टवेअरचा सर्व्हर! बिलं तिकडून परस्पर जात होती. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो, म्हणून नवा न टाकता होता त्यातच त्यांचा सर्व्हर घातला.

मेल पाठवताना घाई केली नाही. पहिली रेट लिस्ट फक्त धुळे, अमळनेर, चोपड्याच्या जुन्या व्यापाऱ्यांना. खाली एकच ओळ : आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) किती गठ्ठे लागतील, ते याच मेलवर कळवा. लग्नसराईचा माल असतो, उत्तरं आली. मेलला उत्तर येणं याहून चांगली साक्ष नाही, असं माझं मत आहे. धुळ्याच्या एका काकांचा मात्र फोन आला, "भाऊ, मेल काही उना नही." त्यांना स्पॅममध्ये बघायला लावलं, 'स्पॅम नाही' दाबायला सांगितलं आणि नंबर सेव्ह करतो तसा आमचा पत्ताही सेव्ह करून घेतला. मग हळूहळू परराज्यातले व्यापारी यादीत घेतले.

याच सुमारास देशभरच्या फर्निशिंग दुकानदारांचे ईमेल पत्ते स्वस्तात विकणारा एक जण भेटला. चहा पाजून वाटेला लावला. असल्या यादीत निम्मे पत्ते बंद पडलेले असायचे आणि उरलेले तक्रार करायचे.

आता डीमार्क 'क्वारंटाइन' वर आहे, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाकायचा. 'रिजेक्ट' वर, म्हणजे नापास मेल घ्यायचाच नाही, असा न्यायचा आहे, पण ट्रान्सपोर्टवाल्याच्या पोर्टलवरून बिल्टीची सूचना अजून आमच्या नावाने सहीविना जाते. त्यांच्या संगणकवाल्याला डीकेआयएमच्या सहीची किल्ली (key) दिली आहे, तो म्हणतो सोमवारी बसवतो.