चार बोटांची कड

झेंडा आधी कुठे फाटतो हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. दांडीपासून सगळ्यात लांबच्या कडेला. वाऱ्याची लाट दांडीकडून निघते, कापडावरून जाता जाता मोठी होते आणि मोकळ्या टोकाला पोचली की चाबकासारखी फटकारते. दिवसभर तेच चालू. बाकी झेंडा धडधाकट आणि शेवटच्या चार बोटांत नुसत्या दशा. आमची फर्म या चार बोटांवर उभी राहिली, आणि एकदा तिथेच उसवली.

सुरुवातीला मी आणि मास्तर, दोघंच. मास्तर आधी तंबू आणि ताडपत्र्या शिवायचे, त्यामुळे वाऱ्याशी त्यांची जुनी ओळख. त्यांचं भांडवल म्हणजे जाड कामाचं एक शिलाई मशीन आणि एक वजनदार कात्री, जिला आजही दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. त्या कात्रीने कागद कापला म्हणून एका कारागिराशी ते आठवडाभर बोलले नव्हते. माझं भांडवल म्हणजे तोंड. मी ऑर्डरी आणायच्या, त्यांनी शिवायच्या.

मास्तरांची कड बघण्यासारखी. कापड दोनदा दुमडायचं, त्यावर लॉक शिलाईच्या, म्हणजे वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकवणाऱ्या शिलाईच्या, ४ ओळी, दोन्ही कोपऱ्यांवर उलटसुलट जादा टाके. पण टाके बारीक घ्यायचे नाहीत. नवीन मुलं बारीक टाक्याला मजबूत समजतात. सुईच्या भोकांची दाट रांग झाली की कापडाचं पावतीपुस्तक होतं, ओढलं की रेघेवर फाटतं. दांडीकडच्या पट्टीत आयलेट, म्हणजे दोरीसाठीच्या भोकाला बसवलेलं धातूचं कडं, पितळीच. मुलामा दिलेलं लोखंडी आयलेट पावसात गंजतं, आणि पट्टीवर उतरलेला तो तांबडा डाग काही केल्या जात नाही.

आता त्याच्याबद्दल. नाव घेणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ऑर्डरी गोळा करायला आम्ही ठेवलेला मुलगा. दीड वर्षात आमची गिऱ्हाइकं तोंडपाठ केली आणि स्वतःचं दुकान थाटलं. त्याचे झेंडे चेन शिलाईचे, तीही एकच ओळ. चेन शिलाई म्हणजे पोत्याचं तोंड. नेमकं टोक सापडलं की एका ओढीत सगळं मोकळं. पोत्याला तेच हवं असतं. झेंड्याला कशाला? पण भाव कमी, आणि गिऱ्हाईक भाव बघतं, शिलाई उलटून कोण बघतो!

अशात ३०० झेंड्यांची ऑर्डर आली. ती त्याच्याकडे जाऊ द्यायची नाही, एवढंच माझ्या डोक्यात. मी त्याच्या भावात घेतली आणि तोटा भरून काढायला मास्तरांना न विचारता धागा बदलला. रिळावर पॉलिएस्टर लिहिलेलं होतं, मीही जास्त खोलात गेलो नाही. मास्तर एकदा म्हणाले, "धागा हाताला मऊ लागतोय." मी म्हटलं, "नवीन कंपनी आहे, मास्तर."

पहिल्या सलग पावसानंतर झेंडे पोत्यांत भरून परत आले. कापड शाबूत, रंगही ठीक, फक्त दुमड सुटलेली आणि ४ ओळींच्या जागी ४ भोकांच्या रांगा. मास्तरांनी एका रिळाचा हातभर धागा तोडला आणि काडी ओढली. पॉलिएस्टर जळताना वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. हा कागदासारखा जळला, वासही जळक्या कागदाचा, आणि बोटांत भुरी राख राहिली. सुती धागा. ओल धरून कुजलेला. मास्तरांनी ती राख माझ्या वहीवर झटकली. बोलले काहीच नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पैसे अडकले. दोन कारागीर सोडून गेले. आमचे ते चिरंजीव आमच्या फाटक्या झेंड्यांचे फोटो घेऊन आमच्याच गिऱ्हाइकांकडे फिरले. चूक माझी होती, ती मी कबूल करतो. पण ज्याने स्वतः आयुष्यात दुसरी ओळ घातली नाही, त्याने चौथी ओळ तुटली म्हणून बोंब मारावी? हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या महिन्यात एकच नवी ऑर्डर आली, २ झेंड्यांची. एका छोट्या कारखान्याच्या गेटवरचे काका. झेंडा उतरवणं-चढवणं त्यांच्याकडे. जुना झेंडा वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत मारून आले होते. मी घाबरतच उघडला. दांडीकडच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने चढवल्याची तारीख. ती वाचली आणि मला आधी खरं वाटेना. आमच्याच हातचा, चांगल्या धाग्याच्या दिवसांतला झेंडा, आणि इतरांचे जेवढे टिकायचे त्याच्या दुपटीहून जास्त दिवस झालेले. काकांनी वेगळं काही केलं नव्हतं. अंधार पडला की उतरवायचा. आभाळ भरून आलं, वारं सुटलं की हातातला चहा ठेवून उतरवायचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हे गणित त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. "दोन द्या," म्हणाले, "आलटून पालटून लावतो. एकाला धुणं, एकाला काम." मग त्यांनीच मला नेऊन खांबाचा पोपडा धरलेला रंग दाखवला. झेंडा वारा पडला की तिथे घासायचा. त्यांनी स्वतः घासकागद मारून रंग दिला होता.

तिथून आमच्या डोक्यात शिरलं. ते ३०० झेंडे आम्ही फुकट परत शिवले आणि पोचवायला मी स्वतः गेलो. प्रत्येक खांबाखाली उभं राहून बघितलं. कुठे कप्पी अडकलेली, कुठे फांदी आड येणारी, कुठे दोरी इतकी ढिली की हूक खांबावर आपटतोय. कुठे ६ मीटरच्या खांबाला भला मोठा झेंडा, का तर रुबाब. खांबाच्या उंचीच्या पाव भागाएवढी लांबी पुरते, ६ मीटरला दीड मीटर. ऐकत कुणीच नाही, तरी मी सांगतो.

आणि विषय निघालाच आहे तर, ओला झेंडा घडी करून कपाटात टाकू नका. बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि एक रंग दुसऱ्यावर उतरतो. सौम्य साबण, थंड पाणी, ब्लीच अजिबात नाही, सावलीत वाळवणं. धूळ साचू देऊ नका, धुळीचे कण फडफडताना धाग्यावर कानशीसारखे चालतात. वारा मंद असेल तर नायलॉन घ्या, हलकं असतं, झुळुकीवर उडतं. वारा दांडगा असेल तर जाड विणीचं पॉलिएस्टर. उन्हात रंग सगळेच उतरतात, त्यावर औषध नाही. दशा दोन बोटं दिसल्या की लगेच आणा. कापून पुन्हा दुमडून शिवता येतं, एकदाच नव्हे, दोनदासुद्धा. हातभर फाटल्यावर आणलं तर मास्तर काय, कुणीच काही करू शकत नाही. राष्ट्रध्वजाला मात्र हा उपाय नाही, त्याचं प्रमाण ठरलेलं असतं, आखूड करून चालत नाही.

तेव्हापासून नवीन झेंड्यांइतकंच दुरुस्तीचं काम येतं. मधल्या वर्षांत तीन मशिनं वाढली, जागा बदलली, सांगण्यासारखं एवढंच.

गेल्या पावसाळ्यानंतर एका मध्यस्थाकडून झेंड्यांचा गठ्ठा दुरुस्तीला आला. लेबलं कापलेली होती. मास्तरांनी वरचा उलटला, कडेचं टोक नखाने शोधलं आणि ओढलं. सर्रकन पूर्ण कड मोकळी झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी बॉबिन भरली आणि पहिली ओळ घालायला घेतली.