अक्साच्या ओल्या वाळूत तीन मशीनं

डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून मालाड, पुढे बेस्टची बस. तीन मेटल डिटेक्टर पाठीवर घेऊन रविवारी हा प्रवास करू नका. दादरच्या पुलावर एका काकूंना दांडा लागला. त्या जे बोलल्या ते मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

अमावास्येची ओहोटी होती, अक्साची पुळण लांबवर उघडी पडली होती. कोरड्या वाळूत तासभर बाटल्यांची बुचंच निघाली.

मग ते जोडपं दिसलं. घोटाभर पाण्यात खेळताना त्याच्या बोटातली साखरपुड्याची अंगठी गळून पडली होती आणि ती पोरगी नखांनी वाळू उकरत होती. म्हटलं, "थांबा ताई, शोधू या."

पहिलं मशीन ओल्या वाळूवर नेताच किंचाळायला लागलं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनला वाळूच धातू वाटते. दुसरं पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे झटके सोडून धातू हुडकणारं. ते शांत राहिलं, पण लोखंड कुठलं नि सोनं कुठलं हे त्याला नीट सांगता येत नाही. गंजके खिळे काढून दमलो. तिसरं सगळ्यात महाग, अनेक फ्रिक्वेन्सींचं. कुठला धातू आहे ते हे मशीन पडद्यावर आकड्याने दाखवतं. कचरा उकरावा लागू नये म्हणून त्यावर मी चांदीच्या कागदाचे आकडे बंद करून ठेवले होते, म्हणजे त्या आकड्यांना ते वाजतच नाही. नाजूक सोन्याची अंगठी त्याच आकड्यांत येते, हे मी कितीदा वाचलंय! ऐन वेळी आठवलं नाही. पाणी चढत होतं.

तेवढ्यात एक काका आले. हातात माझ्या पहिल्यासारखंच मशीन, मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली. नऊ वर्षं हेच एक वापरतात. आधी त्यांनी सेन्सिटिव्हिटी उतरवली, मग दांड्याच्या टोकाची, धातू हुडकणारी चकती वाळूवर वरखाली करत मशीन त्या खारेपणाशी जुळवून घेतलं. लाटांच्या रेषेला समांतर चालत राहिले, म्हणजे ओल सारखीच राहते. हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावून म्हणाले, "हा तुटक, कागद असणार. हा बघा गोल, दोन्हीकडून सारखा." तरी दोन्ही आवाजांच्या जागी खणलं. सातव्या खड्ड्यात अंगठी होती.

पोरीने ती मुठीत घट्ट धरली, तिला बोलताच येईना. काका त्या मुलाला म्हणाले, "सैल आहे रे, दोरा गुंडाळ."

परतीची गाडी कशी गेली, आठवत नाही. दोन मशीनं माळ्यावर टाकली आहेत. रोज पहाटे गच्चीत प्लास्टिकच्या टबात (लोखंडी घमेलं चालत नाही) मिठाच्या पाण्याने भिजवलेली वाळू घेतो. बायको तिची जुनी अंगठी आणि चॉकलेटचा कागद त्यात कुठेतरी पुरते, मी डोळे मिटून चकती फिरवतो. काल दहापैकी सहा वेळा अंगठी ओळखली.