गोल दिसले की तोर्तिया

माद्रिदच्या बारमध्ये 'तोर्तिया' मागितली की ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवलेले बटाटे अंड्यात कालवून केलेल्या जाडजूड चकतीचा तुकडा बशीत येतो. मेक्सिको शहरात हाच शब्द उच्चारला, तर फडक्यात गुंडाळलेल्या मक्याच्या पातळ, गरम भाकऱ्या पुढ्यात येतात. वाढणारा दोन्हीकडे बरोबरच असतो, कारण 'तोर्ता' म्हणजे चपटे, गोल असे काही आणि 'तोर्तिया' हे त्याचे लहान रूप. शब्द फक्त आकार सांगतो, आत काय आहे हे सांगत नाही.

1519 मध्ये एर्नान कोर्तेस या सेनानीबरोबर मेक्सिकोत आलेल्या स्पॅनिश लोकांनी मक्याच्या भाकरीला हे नाव दिले. तिथल्या नाउआत्ल भाषेत तिला 'त्लाश्काली' म्हणत, पण परक्यांच्या नजरेत भरली ती तिची गोलाई. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी चोळून साल काढायची आणि पाट्यावर वाटायचा, हा सगळा खटाटोप त्या नावात कुठेच नाही. खरी करामत मात्र चुन्याचीच, कारण मक्यात अडकून पडलेले नायासिन हे जीवनसत्त्व त्यामुळे अंगी लागते. युरोपने मका उचलला आणि चुना मागेच ठेवला; पुढे 1735 मध्ये गास्पार कासाल या वैद्याने स्पेनच्याच आस्तुरियास प्रांतात, मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये, कातडी सोलवटणारा एक रोग नोंदवला. नायासिनच्या कमतरतेने होणाऱ्या या रोगाला आज आपण पेलाग्रा म्हणतो.

गंमत अशी, की स्पेनची 'अस्सल' तोर्तिया ज्या बटाट्यावर उभी आहे, तोही दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीतून आलेला. (आपल्याकडे तो पोर्तुगीजांमार्फत पोहोचला आणि येताना 'बटाटा' हे नावही घेऊन आला.) बटाटा नसलेल्या साध्या आम्लेटला स्पॅनिश माणूस 'फ्रान्सेसा', म्हणजे फ्रेंच तोर्तिया म्हणतो. बटाट्याच्या तोर्तियात कांदा असावा की नसावा, यावरून तेथे दोन तट पडलेले असून दोघांनाही स्वतंत्र नावे आहेत. कांद्याशिवाय ती मला तरी मिळमिळीत वाटते.

मेक्सिकोत 'तोर्ता' म्हणजे चक्क भरलेला पाव, आणि बटाट्याची तोर्तिया हवी असेल तर 'एस्पान्योला' असे जोडून मागावे लागते. नुसत्या 'तोर्तिया'वर तेथे हक्क मक्याचा, आणि उत्तरेकडे गव्हाचाही.